चार महिन्यांपुरता

सकाळी देवाला दिवा दाखवून झाला की आई वसरीवर येते, लोखंडी कपाटावरच्या त्या पांढऱ्या डबीकडे मान वर करून बघते आणि मागच्या खोलीत बसलेल्या मला ओरडून सांगते, 'चारही पेटले रे!' एखाद्या दिवशी, 'तीनच हां. बाहेरचा विझलाय.' बाहेरचा म्हणजे इंटरनेटचा, ज्याच्यावर पृथ्वीचा गोल काढलेला असतो तो. राऊटर हा शब्द तिला चांगला ठाऊक आहे. पण ती त्याला लुकलुक्या म्हणते, आणि आमच्याकडे येणारेजाणारेही आता तेच म्हणतात.

लुकलुक्या मी गोव्यात, आमच्या फोंड्याच्या बाजारात घेतला, 2021 च्या जुलैत, अकराशे रुपयांना. बाबा जाऊन महिना झाला होता. पुण्याच्या ऑफिसने चार महिने घरून काम करायला परवानगी दिली होती. चार महिन्यांत आईचं मन थोडं ताळ्यावर येईल, मग तिला पुण्याला घेऊन जाऊ, असा आमचा दोघा नवराबायकोचा हिशेब होता. आईला तो सांगायचा राहिला होता. दुकानदाराने तीन खोके काउंटरवर मांडले. एक साडेतीन हजाराचा, एक अडीच हजाराचा आणि हा. मी म्हटलं, चार महिन्यांपुरताच हवाय. त्याने काही न बोलता पहिले दोन उचलून मागच्या फळीवर ठेवले.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत 300 एमबीपीएस लिहिलं होतं. हा आकडा खोटा नसतो, पण तो फक्त हवेतल्या बोलण्याचा असतो. दोन अँटेना, दुप्पट रुंदीचा चॅनल, आजूबाजूला दुसरं कोणी नाही आणि फोन अगदी समोर धरलेला, एवढं सगळं जुळून आलं तर. त्याच डबीच्या मागच्या वायरीच्या भोकांतून मात्र जास्तीत जास्त 100 जातात. म्हणजे बाहेरून आत येतानाच दारात 100 ची चौकट, आणि आत आल्यावर 300 चा दिवाणखाना. हे मला तीन वर्षांनी कळलं. घेताना आकडाच बघितला होता.

चार महिन्यांपुरतं म्हटलं की माणूस कसा वागतो बघा. फायबरवाला मुलगा वायर घेऊन आला आणि त्याने विचारलं, 'पात्रांव, खंय लावया?' मी म्हटलं, कुठेही लाव. त्याने वसरीवरच्या खिडकीतून वायर आत घेतली. ती खिडकी तेव्हापासून पूर्ण लागत नाही. फटीत आईने जुन्या लुगड्याचा बोळा कोंबलाय, तरी डास येतात ते येतातच. राऊटरचा अ‍ॅडॅप्टर इन्व्हर्टरच्याच एक्स्टेंशन बोर्डावर, तो सैल बसतो म्हणून खाली वहीचा पुठ्ठा. वायर लोंबू नये म्हणून कपड्यांचा चिमटा. आणि मी स्वतः बसलो सगळ्यात मागे, बाळंतिणीच्या खोलीत, कारण घरात शांत तेवढी एकच. माझा जन्म तिथलाच. एकच झरोका, आणि तिथून वसरीपर्यंत मध्ये तीन भिंती.

त्या भिंतींबद्दल सांगितलं पाहिजे. आजोबांनी बांधलेलं घर. चिरे मातीत बसवून वर चुन्याचा गिलावा, प्रत्येक भिंत दीड फूट जाड. चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीतून काढताना कुऱ्हाडीनेही तासता येतो आणि वाऱ्यावर राहिला की कडक होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने तो मलबारात पाहिला आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटेराइट असं नाव दिलं. लॅटिनमध्ये later म्हणजे वीट, हे सांगताना शाळेतले मास्तर फार खूष असायचे. दगडात लोह भरपूर, म्हणून लाल. आणि अंगभर भोकं. मे महिन्यात ती भोकं रिकामी असतात, जून लागला की पाणी धरतात. आमच्या मागच्या भिंतीला श्रावणात हात लावला तर गारवा तळहाताला चिकटतो.

पाण्याला वायफायच्या लहरी आवडतात. म्हणजे पाणी त्या पिऊन टाकतं. मायक्रोवेव्ह ओव्हन ज्या पट्ट्यात चालतो त्याच पट्ट्यात, 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास, आमचा लुकलुक्या बोलतो. त्यामुळे पावसाळ्यात माझा सिग्नल भिंत पिते असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. सांगायला बरं वाटायचं. पुण्याच्या मीटिंगमध्ये आवाज तुटला की मी म्हणायचो, सॉरी, घर शंभर वर्षांचं आहे. घर काही तेवढं जुनं नाही.

1895 साली जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्यात बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. मला बारा पावलांवर एक्सेलची फाइल पाठवता येत नव्हती.

बिघाड रोजचा असता तर मी पहिल्या आठवड्यातच काहीतरी केलं असतं. साफ बिघडलेली वस्तू फार सज्जन असते. ती सांगते, मी गेले, दुसरी आण. हा तसला नव्हता. सोमवारी दिवसभर सुरळीत. मंगळवारी अकरा वाजता गायब, सव्वाअकराला हजर. बुधवारी फोनवर तीन काड्या दिसतायत आणि एक पान उघडत नाही. या काड्यांचीही एक गंमत आहे. काड्या सांगतात फोनला राऊटर किती ऐकू येतो ते. राऊटरला फोन ऐकू येतो का, हे त्या सांगत नाहीत. राऊटर भिंतीवरच्या वायरीतून जेवलेला, त्याचा आवाज मोठा. फोन बिचारा बॅटरी जपत हळू बोलणार. त्यामुळे इकडे तीन काड्या आणि तिकडे 'कोण? कोण बोलतंय?'

फायबरवाल्याला मी पाच वेळा बोलावलं असेल. तो यायचा तेव्हा सगळं ठीक. ताप आलेलं पोर डॉक्टरांच्या दारात पोचलं की खेळायला लागतं, तसं. तो आपला पॉवर मीटर काढायचा, वायरीचं टोक पुसून त्यात खुपसायचा आणि मला आकडा दाखवायचा: उणे एकवीस. उणे सत्तावीसच्या खाली गेलं तर काळजी. मग आपल्या बोलीत म्हणायचा, 'हांगा मेरेन लायट बरी आसा. फुडलें तुमचें.' इथपर्यंत लाईट चांगली आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा. आई दारात उभी असायची. तिला वाटायचं तो विजेबद्दल बोलतोय. ती म्हणायची, 'चांगली कुठली, सकाळपासून दोनदा गेली.' आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असायचे, कारण त्याच्या काचेच्या तारेतून खरोखरच उजेड जातो आणि आईची लाईट खरोखरच दोनदा गेलेली असायची.

मग मी शेजाऱ्यांवर आलो. आमच्या पलीकडचं घर चार वर्षांपूर्वी विकलं गेलं. तिथे आता पांढराशुभ्र व्हिला आहे, निळ्या पाण्याचा छोटा तलाव आहे, आणि शुक्रवारी रात्री गाड्या येतात त्या रविवारी दुपारी जातात. फोनवर वायफाय बघायचं एक फुकटचं अ‍ॅप घेऊन मी आमच्या घरात फिरलो तर बाळंतिणीच्या खोलीत सगळ्यात तगडा सिग्नल त्या व्हिलाचा. माझ्या स्वतःच्या घरात माझा नंबर तिसरा. त्यांचे राऊटर खोलीखोलीत, एक तर बागेतल्या खांबावर, आणि झरोका नेमका त्याच बाजूला. ते आठवड्यातून दोन दिवस राहतात आणि त्यांनी सगळं पक्कं बसवून घेतलंय. आम्ही इथले, आणि आमची वायर चिमट्यावर.

हा 2.4 चा पट्टा म्हणजे गावच्या तळीसारखा आहे. 2005 पासून आपल्या देशात त्याला परवाना लागत नाही. कुणीही यावं, कपडे धुवावेत, म्हशी घालाव्यात. ब्लूटूथ तिथेच, पोरांची रिमोटची विमानं तिथेच, मायक्रोवेव्ह तर येऊन गढूळच करून जातो. एकमेकांच्या अंगावर पाणी न उडवता बसता येईल अशा पायऱ्या तिथे तीनच: चॅनल 1, 6 आणि 11. व्हिलाचे सगळे 6 वर आणि आमचाही 6 वर. मी आमचा 1 वर नेला. दोन दिवस इतकं छान चाललं की मी बायकोला फोन करून सांगितलं, सापडला रोग. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

इथे मी जी चूक केली ती पुढे वर्षभर निस्तरत होतो. मी ठरवून टाकलं की चॅनलचा काही संबंध नव्हता. भिंतीचाही नसावा. राऊटरचं मॅन्युअल वाचून मी त्याचं सॉफ्टवेअर नवं घातलं. सिग्नल वाढवणारा एक्स्टेंडर आणला. तो माजघरात लावला तेव्हा कळलं की ऐकलेलं प्रत्येक वाक्य तो त्याच एका तोंडाने पुन्हा म्हणतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. तोही चार महिन्यांपुरताच होता म्हणा. दर महिन्याच्या 20 तारखेला मात्र माझी धांदल ठरलेली. मी हिशेबाचं काम करतो आणि 20 तारीख ही जीएसटीच्या विवरणपत्राची. फाइल चढवायला लागलो की अर्ध्यात लुकलुक्या मान टाकणार. रात्री अकराला मी लॅपटॉप घेऊन वसरीवर कपाटाला पाठ लावून बसलेला, आई डासांसाठी उदबत्ती फिरवतेय आणि विचारतेय, 'सरकारला उद्या पाठवलं तर चालत नाही काय रे?'

गेल्या साली चवथीला सगळं उघड झालं.

आमच्याकडे चवथ मोठी. मुंबई, बेळगाव, मडगाव अशी सगळी भावकी मूळ घरी येते. माणसं पंचवीस, फोन तीस तरी. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला नारळ, सुपारीचे घड, कांगलं, घागऱ्यो बांधून होईपर्यंत पोरं एकेक करून माझ्याकडे पासवर्ड मागून गेली. मी दिला. पाहुण्याला पाणी विचारतात तसं आता पासवर्ड द्यावा लागतो. लुकलुक्याने दुपारपर्यंत कसाबसा तग धरला. त्याला एका वेळी एकाशीच बोलता येतं. सगळ्यांनी रांगेत यायचं, आणि त्यात जो सगळ्यात लांब बसलाय, तो इतकं हळू बोलतो की त्याचं संपेपर्यंत बाकीचे तिष्ठत. आमच्या भावकीच्या बैठकीत एक काका असेच आहेत.

संध्याकाळी आरती सुरू झाली. घुमटं घुमायला लागली, झांजा लागल्या, आणि त्याच क्षणी चार जणांनी चार देशांत व्हिडिओ कॉल लावले. शारजात एक चुलतभाऊ, लंडनला एक भाची. 'सुखकर्ता'चं पहिलं कडवं संपेपर्यंत सगळे कॉल पडले. दीडेक मिनिटाने परत लागले. 'दुर्गे दुर्घट'ला पुन्हा पडले. सगळ्या माना माझ्याकडे. मी भिंतीकडे बोट दाखवलं, सवयीने.

आरती झाल्यावर हातात प्रसादाचं ताट घेऊन आई म्हणाली, 'भिंत काय करणार त्याला? चारही एकदम विझतात, मग एकेक पेटतो. इन्व्हर्टरची लाईट गेली की होतो ना, तसा. मी सांगतेच आहे तुला.'

सांगतच होती. तीन वर्षं रोज सकाळी सांगत होती. 'बाहेरचा विझलाय' म्हणजे वायर तुटली, माडाचं झावळ पडलं, फायबरवाल्याला फोन कर. 'चारही पेटलेत' आणि तरी माझ्याकडे येत नाही, म्हणजे भिंत. आणि 'चारही विझले' म्हणजे यातलं काहीच नाही, डबीला जेवणच पोचत नाही. तीन वेगळे आजार तिने तीन वेगळ्या शब्दांत मांडून ठेवले होते आणि मी आतून 'हं, हं' म्हणत होतो. एक दुरुस्त केला की दुसरा डोकं काढायचा, आणि मला वाटायचं पहिलं औषध लागलंच नाही.

दीड दिवसांचं विसर्जन झालं, पाहुणे पांगले, आणि मी अ‍ॅडॅप्टर खिशात घालून फोंड्याला गेलो. तिथे रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. रेडिओ कोणी आणत नाही, म्हणून मिक्सर दुरुस्त करतात. त्यांनी मीटर लावला. नऊ व्होल्ट. अ‍ॅडॅप्टरवर छापलेले तेवढेच. मी म्हटलं, मग चांगला आहे की. ते काही बोलले नाहीत. खणातून मोटारीचा एक छोटा बल्ब काढला, दोन वायरींनी अ‍ॅडॅप्टरला जोडला आणि मीटर पुन्हा लावला. बल्ब पिवळट पेटला. आकडा आठवर आला, मग साडेसात, मग सात, आणि तिथे थरथरत राहिला.

'रिकाम्या हातांनी कोणीही नऊ दाखवील,' काका म्हणाले. 'कितले दीस जाले?'

'तीन वर्षं.'

त्यांनी करवतीने डबी कापली. आत करंगळीच्या पेराएवढा एक कॅपॅसिटर, वरचं झाकण सपाट असायला हवं ते टेकाडासारखं फुगलेलं. आत ओलं द्रव्य असतं, ते उष्णतेने वाळत जातं. आमचा अ‍ॅडॅप्टर इन्व्हर्टरच्या गरम कुशीत, पुठ्ठ्यावर टेकून, प्रत्येक वेळी लाईट आली की पहिला झटका खाणारा. एकटादुकटा फोन असेल तेव्हा राऊटरला थोडंच लागायचं, तेवढं तो पुरवायचा. मी फाइल चढवायला घेतली, पोरांनी व्हिडिओ लावला, की मागणी वाढायची आणि त्याचे हात खाली यायचे. काकांनी नवा दिला, अडीचशे रुपये. 'व्होल्ट तेवढाच लागतो हां. अँपिअर जास्त असला तर चालतो, कमी चालत नाही.' हे त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं, बिलाच्या मागे लिहूनही दिलं.

त्या महिन्याची 20 तारीख इतकी सुरळीत गेली की नऊ वाजता माझ्याकडे करायला काही उरलं नाही. मी आणि आई वसरीवर बसलो. पाऊस पडून गेला होता. व्हिलात कोणी नव्हतं, बागेतल्या खांबावर त्यांच्या राऊटरचा हिरवा दिवा तेवढा जागा होता. आईने बाबांच्या चष्म्याचा विषय काढला, तो कोणाला द्यावा की ठेवावा. मग पुण्याचा निघाला. तिने विचारलं, 'तुला ते चार महिने दिले होते ना, त्यांचं काय झालं?' तीन वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, वाढवत गेले. ती म्हणाली, 'ते वाढवत गेले की तू?'

भिंतीचा आजार मात्र खराच होता आणि तो तसाच राहिला. पावसाळ्यात बाळंतिणीच्या खोलीत आवाज तुटायचा तो तुटायचाच. त्याच्यावर उपाय एकच: वसरीपासून मागेपर्यंत वायर ओढायची आणि टोकाला दुसरा राऊटर. म्हणजे तिन्ही भिंतींना भोकं. मी वर्षभर तो विषय टाळत होतो. आजोबांच्या भिंतीला ड्रिल लावायचं म्हणजे भाड्याच्या खोलीत खिळा मारण्याइतकं सोपं नाही. दारांवरून, छपराच्या वाशांवरून वायर नेता येईल का, तेही बघून झालं. तिथे उंदरांची वहिवाट आहे.

शेवटी या मे महिन्यात, चिरे कोरडे असताना, गवंड्याला बोलावलं. राऊटर या वेळी दोन पट्ट्यांचा घेतला, सोबत वीस मीटर वायर. दुकानदाराने विचारलं नाही किती महिन्यांपुरता. गवंड्याने भिंतीवर हात फिरवला, बोटाने ठोकलं, चिऱ्याचा सांधा कुठे येतो ते पाहिलं. दगडात नको, सांध्यात जाऊ, माती सुटते, असं म्हणाला. पहिल्या भिंतीत ड्रिल घातलं तेव्हा बारीक लाल धूळ सूपभर खाली आली आणि देवघरापर्यंत तिचा वास गेला. पहिल्या पावसाचा असतो तसा, पण कोरडा.

आई पदर नाकाला लावून मागे उभी होती. मला वाटलं, ती थांबवते की काय. तिने भोकाजवळ जाऊन वाकून बघितलं. करंगळी आत घातली.

'एवढुसंच?' ती गवंड्याला म्हणाली. 'पाडताच आहात तर दोन वायरी जातील एवढं पाडा.'

'दुसरी कशाला?' मी विचारलं.

'सूनबाई येईल तेव्हा तिला वेगळी नको?'

गवंड्याने माझ्याकडे बघितलं. पुण्याशी याबद्दल अजून माझं काहीच बोलणं झालेलं नव्हतं. मी मान हलवली. त्याने पिशवीतून जाड बिट काढला आणि ड्रिलला लावला.